घर विकलेल्यांच्या फायली

सकाळी 7:00

ऑगस्ट 2025 चा शेवटचा सोमवार. गणपती परवावर आलेत, पुण्यातल्या पेठा गर्दीने फुलल्यात, आणि आम्हा करसल्लागारांच्या डोक्यात मात्र 15 सप्टेंबर. विवरणपत्र भरायची मुदत यंदा 31 जुलैवरून तिथवर वाढवली आहे.

ऑफिसला निघण्याआधीचा तास मी घरविक्रीच्या फायलींसाठी राखून ठेवते. पगारदारांची विवरणपत्रे आमची आर्टिकलशिपची मुले व्यवस्थित करतात. घर विकलेल्यांची फाइल मी स्वतः पाहते. मध्यमवर्गीय कुटुंबात एवढी मोठी रक्कम बहुधा एकदाच हाती येते, आणि तिच्यावरचा करही एकदाच, एकरकमी द्यावा लागतो.

घर विकून झालेल्या नफ्यावर कर असावा का, असे लोक मला विचारतात, बहुतेकदा चिडून. असावा, असेच मी सांगते. पण तो खऱ्या नफ्यावर असावा, आणि राहते घर नाइलाजाने विकणाऱ्याला बऱ्यापैकी सूट मिळावी. आजचा कायदा या दोन्ही गोष्टी अर्ध्यावर सोडतो.

सध्याचा नियम असा. घर दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन. जुलै 2024 पर्यंत त्यावर 20 टक्के कर होता, पण त्याआधी खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून घेता यायची. त्यालाच सगळे इंडेक्सेशन म्हणतात. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पाने दर साडेबारा टक्क्यांवर आणला आणि इंडेक्सेशन काढून टाकले. देशभर ओरड झाली. दोनच आठवड्यांत दुरुस्ती आली: त्या तारखेआधी घेतलेले घर किंवा जमीन असेल, तर भारतात निवासी असलेल्या व्यक्तीने आणि हिंदू अविभक्त कुटुंबाने दोन्ही रीतींनी हिशेब करावा आणि कमी येईल तो कर भरावा. म्हणून यंदा प्रत्येक फाइलचे गणित आम्ही दोनदा मांडतो.

सकाळी 9:30

पहिल्या येतात त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकू. एरंडवण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट 1988 साली घेतलेला. यजमानांचे आजारपण लांबले, कर्ज झाले, आणि डिसेंबर 2024 मध्ये फ्लॅट 90 लाखांना विकावा लागला. यजमान गेले. रुग्णालयाची आणि नातेवाइकांची देणी फिटली. काकू आता लेकीकडे राहतात.

खरेदी 1 एप्रिल 2001 च्या आधीची असल्याने त्या दिवशीची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. व्हॅल्युअरने ती 8 लाख काढली आहे. 2001-02 चा निर्देशांक 100 आणि 2024-25 चा 363, म्हणून 8 लाखांचे झाले 29 लाख 4 हजार. नफा 60 लाख 96 हजार; 20 टक्क्यांनी कर 12 लाख 19 हजार. इंडेक्सेशन सोडले तर नफा 82 लाख आणि साडेबारा टक्क्यांनी कर 10 लाख 25 हजार. दुसरी रीत स्वस्त पडते. पण उत्पन्न 50 लाखांच्या वर गेल्याने 10 टक्के अधिभार लागतो, आणि त्यावर 4 टक्के उपकर. एकूण सुमारे 11 लाख 73 हजार.

छत्तीस वर्षांत थोडी थोडी वाढलेली किंमत कायदा एका वर्षाचे उत्पन्न म्हणून धरतो. फॅमिली पेन्शनवर जगणारी बाई त्या एका वर्षापुरती अधिभार भरणाऱ्या श्रीमंतांच्या रांगेत जाऊन बसते.

“काही सुटका आहे का गं यातून?” काकू विचारतात.

वाटा दोनच. कलम 54 प्रमाणे विक्रीआधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे घर घ्यायचे, किंवा तीन वर्षांत बांधायचे; नाहीतर विक्रीपासून सहा महिन्यांत सरकारी कंपन्यांच्या ठरावीक रोख्यांत 50 लाखांपर्यंत रक्कम पाच वर्षांसाठी अडकवायची. काकूंकडे घर घ्यायला पैसा उरलेला नाही. रोख्यांची मुदत जूनमध्येच संपली, आणि संपली नसती तरी देण्यांत गेलेले पैसे रोख्यांत कुठून घालणार?

मी त्यांना दलालीची पावती आणि 2009 मध्ये स्वयंपाकघर नव्याने करून घेतले त्याची बिले शोधायला सांगते. ही रक्कम नफ्यातून वजा होते. दहा-वीस हजार वाचले तरी वाचवायचे.

सकाळी 11:30

एका जोडप्याबरोबर बँकेत. त्यांनी धनकवडीतली वन-रूम-किचन विकली आणि रावेतला बांधकाम सुरू असलेला फ्लॅट बुक केला. नफा 24 लाखांचा. त्यातले बिल्डरला अजून न दिलेले पैसे विवरणपत्राच्या मुदतीआधी कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीमच्या खात्यात ठेवावे लागतात. 1988 ची ही योजना कित्येक सराईत खातेदारांनाही माहीत नसते, म्हणून मी सोबत जाते. फॉर्म ए भरून खाते उघडायचे, पैसे काढताना फॉर्म सी, आणि खाते बंद करताना फॉर्म जी, त्यावर आयकर अधिकाऱ्याची मंजुरी. मुदतीत पैसे घरात गेले नाहीत तर राहिलेल्या रकमेवर कर लागतो.

कटकट आहे, तरी ही सवलत मला मनापासून पटते. एक छप्पर विकून दुसरे घेणाऱ्याच्या हातात खर्चायला काही येत नाही. त्याचे जुने घर महागले तसे नवेही महागलेले असते. त्याच्याकडून कर घेतला तर नव्या घराची एक खोली कमी होते, एवढेच.

दुपारी 1:30

डबे उघडले की ऑफिसात वाद रंगतो. लातूरहून आलेला आमचा एक आर्टिकल सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. सकाळचा काकूंचा विषय त्याने ऐकलेला असतो.

“मॅडम, काकूंचं वाईट वाटतं. पण माझ्या स्टायपेंडच्या दुप्पट भाडं मागतात इथे वन बीएचकेला. ज्यांच्याकडे घर आहे त्यांची किंमत बसल्या जागी वाढते. मी उद्या नोकरी करून कमावलं तर त्यावर कर. मग बसल्या जागी वाढलेल्यावर का नको?”

त्याचे म्हणणे खोडण्यासारखे नाही. मार्च 2022 मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली. ती बांधली सार्वजनिक पैशाने, म्हणजे भाडेकरूंनी भरलेल्या करानेही. घराच्या जाहिरातीत मात्र मेट्रो स्टेशन किती मिनिटांवर आहे, हे विक्रीचा मुद्दा म्हणून पहिल्या ओळीत छापले जाते. रस्ता, पाणी, शाळा, मेट्रो यांनी वाढवलेल्या किमतीत समाजाचा वाटा आहे. तो पूर्ण माफ केला तर सगळा भार पगारावर आणि किराणा मालाच्या जीएसटीवर पडेल.

हा कर आपल्याकडे पहिल्यांदा आला 1947 च्या अर्थसंकल्पात. लियाकत अली खान अर्थमंत्री होते. लवकरच तो मागे घेतला गेला. अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डॉर यांच्या अहवालानंतर 1956 मध्ये टी. टी. कृष्णम्माचारी यांनी तो परत आणला, आणि तेव्हापासून तो आहे. महागाईचा हिशेब धरायला मात्र 1992 उजाडावे लागले. ते वर्ष मी मुलांना आवर्जून सांगते. 10 लाखांचे घर वीस वर्षांनी 30 लाखांना गेले आणि दरम्यान बाकी सगळेही तिप्पट महागले असेल, तर मालकाला मिळाले काय? त्या 20 लाखांवर घेतलेला कर मुदलातूनच जातो. 1992 ने ही गोष्ट मान्य केली होती. 23 जुलै 2024 पासून पुढे घेतलेल्या प्रत्येक घरासाठी ती मान्यता गेली आहे. आज तिशीत गृहकर्ज काढणारी पिढी साठीत घर विकेल तेव्हा तिला याची झळ लागेल, आणि तेव्हा दोन रीतींचा पर्याय नसेल.

“नव्या कायद्यात बदलणार नाही का हे?” दुसरी विचारते. आयकर कायदा 2025 वर चारच दिवसांपूर्वी, 21 ऑगस्टला, राष्ट्रपतींची सही झाली. तो एप्रिल 2026 पासून लागू होईल. भाषा सुटसुटीत झाली, कलमांचे क्रमांक बदलले. घरविक्रीच्या कराचा ढाचा तोच राहिला.

दुपारी 3:30

आजची सर्वांत सोपी फाइल. गृहस्थांचे पुण्यात तीन फ्लॅट. त्यातला कायम भाड्याने दिलेला एक विकला, नफा 6 कोटी. कोरेगाव पार्कात 7 कोटींचा दुसरा घेतला. कर शून्य. व्यवहार चोख, सगळे पैसे बँकेतून, कायद्याला पूर्ण धरून.

कलम 54 ची सूट कितीही मोठ्या नफ्याला मिळायची. 2023 च्या अर्थसंकल्पाने तिला 10 कोटींची मर्यादा घातली. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट जुनी आहे. 1961 च्या मूळ कायद्यात हे कलम राहत्या घरासाठी होते: विकलेले घर मालकाच्या किंवा त्याच्या आई-वडिलांच्या राहण्यासाठी वापरलेले असावे, अशी अट होती. ती पुढे काढली गेली. त्यामुळे भाड्याच्या तिसऱ्या फ्लॅटवरचा 6 कोटींचा नफा आज करमुक्त होतो, आणि छत्तीस वर्षे ज्या घरात संसार केला ते विकून औषधपाण्याची बिले भागवणारी बाई पावणेबारा लाख भरते. सूट कोणाला मिळणार, हे गरजेवर ठरत नाही. ज्याला दुसरे घर घेण्याची ऐपत आहे त्यालाच ती मिळते.

संध्याकाळी 5:00

फोन. कसब्यातला जुना फ्लॅट 70 लाखांना ठरलाय. घेणारा म्हणतो, 55 चेकने आणि 15 रोख. “तेवढाच टॅक्स वाचेल ना?”

वाचणार नाही. रेडी रेकनरप्रमाणे त्या फ्लॅटची किंमत 68 लाख आहे. करारातली किंमत तिच्यापेक्षा खूप कमी असली की कर 68 लाखांवरच मोजतात. 10 टक्क्यांपर्यंतची तफावत चालते, ही त्याहून मोठी आहे. घेणाऱ्यालाही 13 लाखांचा फरक उत्पन्न म्हणून दाखवावा लागेल. शिवाय मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. पूर्ण 70 लाखांचा करार करा, इंडेक्स टूची प्रत पाठवा, एवढेच मी सांगते.

कर न्याय्य वाटला नाही की लोक असे रस्ते शोधतात. महागाईची वजावट पूर्ण मिळाली तर खरी किंमत कागदावर आणण्यात माणसाला नुकसान वाटणार नाही.

रात्री 8:00

न्यू जर्सीत सकाळ झाल्यावरचा व्हिडिओ कॉल. बहीण कोथरूडला, भाऊ तिकडे. वडिलांनी 2012-13 मध्ये 50 लाखांना घेतलेला फ्लॅट दोघांकडे वारशाने आला आणि जानेवारीत 80 लाखांना विकला गेला. वारशाच्या घराला वडिलांची खरेदी किंमत लागू होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2011 साली दिलेल्या निकालामुळे इंडेक्सेशनही वडिलांच्या खरेदीच्या वर्षापासून धरता येते. तेव्हाचा निर्देशांक 200. प्रत्येकाच्या वाट्याचे 25 लाख आज 45 लाख 37 हजारांच्या बरोबरीचे, आणि हातात आले 40 लाख. म्हणजे घराची किंमत महागाईच्याही मागे पडली.

बहिणीला कर शून्य. भावाला दोन रीतींचा पर्यायच नाही, कारण तो अनिवासी. त्याचा नफा 15 लाख, उपकरासह कर 1 लाख 95 हजार. बहिणीच्या 40 लाखांतून टीडीएस कापला गेला 1 टक्का. त्याच्या 40 लाखांतून 13 टक्क्यांनी 5 लाख 20 हजार. जादा कापलेले आता विवरणपत्र भरून परत मागायचे.

“ताई, बाबा एकच, घर एकच. मग आमचे कर वेगळे कसे?” तो विचारतो. कायद्यातली तरतूद मी सांगू शकते. तिचे समर्थन मला जमत नाही.

तो राहतो त्या अमेरिकेत पूर्वी आपल्यासारखीच रीत होती, दुसरे घर घेतले तर कर पुढे ढकलायचा. 1997 मध्ये ती मोडून त्यांनी ठरावीक सूट दिली: विक्रीआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षे त्या घरात राहिला असाल तर एकट्याला अडीच लाख आणि जोडप्याला पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त. पुढे त्या पैशाचे काय करता, याची विचारणा नाही. आकडा मात्र महागाईशी जोडला नाही, हा त्यातला दोष. ब्रिटनमध्ये 1965 साली हा कर आला तेव्हापासूनच मुख्य राहत्या घराला सूट आहे.

रात्री 10:00

अर्थसंकल्पाआधी अर्थ मंत्रालय सूचना मागवते. त्यासाठीचे टिपण आज पुरे करते. मागण्या चार आहेत. खरेदीची तारीख आणि मालकाचा पत्ता न पाहता महागाईची वजावट सर्वांना मिळावी. मालक किमान पाच वर्षे राहिलेल्या घरावर आयुष्यात एकदा 50 लाखांपर्यंतचा नफा कोणत्याही गुंतवणुकीच्या अटीशिवाय करमुक्त असावा, आणि हा आकडा दरवर्षी महागाईबरोबर वाढावा. कलम 54 ला राहत्या घराची मूळ अट परत लावावी. राहत्या घराच्या एकदाच झालेल्या नफ्यावर अधिभार नसावा.

हिशेब करून पाहिला. काकूंचा 60 लाख 96 हजारांचा खरा नफा, त्यातून 50 लाख वजा. उरलेल्यावर 20 टक्के आणि उपकर मिळून सुमारे 2 लाख 28 हजार. आजच्यापेक्षा साडेनऊ लाख कमी. आणि दुपारच्या त्या भाड्याच्या फ्लॅटच्या 6 कोटींवर आजच्याच साडेबारा टक्क्यांनी, अधिभार न धरता, 75 लाख कर येतो. तशा एका फाइलच्या वसुलीत काकूंसारख्या सात जणांची सूट भागते आणि वर काही लाख उरतात. घराच्या नफ्यावर कर जरूर घ्यावा. तो घर उरलेल्यांकडून घ्यावा, घर गेलेल्यांकडून घेऊ नये.