रस्ता ‘खुला’ आहे, म्हणजे नेमके काय? चंदीगडहून स्पितीकडे निघण्यापूर्वी

चंदीगड : जुलै २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्यात चंद्रताल सरोवराजवळच्या तंबूंमध्ये मुक्कामी असलेले अडीचशेहून अधिक पर्यटक अवेळी झालेल्या हिमवृष्टीमुळे अडकून पडले. कुंझुम खिंडीतला रस्ता बर्फाखाली गेला होता आणि मनालीच्या बाजूचा रस्ताही बंद होता. ११ जुलै रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने आजारी व वृद्ध अशा काही जणांना तेथून हलविले. उर्वरित पर्यटकांसाठी काझाच्या बाजूने बर्फ हटवत रस्ता मोकळा करावा लागला आणि १३ जुलैपर्यंत सर्वांना सुरक्षित स्थळी आणण्यात आले. यातील बहुसंख्य पर्यटक चंद्रतालला पोहोचले, त्या वेळी रस्ता खुलाच होता.

या घटनेमुळे एक प्रश्न ठळकपणे पुढे आला. दुर्गम भागात तंबूच्या मुक्कामाची योजना आखताना रस्त्याच्या स्थितीची चौकशी बहुतेक जण करतात. परंतु मिळालेल्या उत्तराचा अर्थ कसा लावायचा, याचा विचार फारसा होत नाही. चंदीगड हे पश्चिम हिमालयात जाणाऱ्यांचे प्रमुख प्रस्थानकेंद्र आहे. महाराष्ट्रातून रेल्वेने वा विमानाने येणारे पर्यटक येथूनच मोटार भाड्याने घेतात किंवा सेक्टर ४३ च्या बसस्थानकावरून हिमाचलच्या बसने पुढे जातात. त्यामुळे पुढे जायचे की थांबायचे, याचा पहिला निर्णयही याच शहरात घेणे सोयीचे ठरते.

एकच वादळ, दोन टोके

जुलै २०२३ मधील संकटाची चाहूल चंदीगडलाही लागली होती. ८ आणि ९ जुलै रोजी या शहरात २४ तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि पूर्वीचे उच्चांक मोडले गेले. पश्चिमेकडून येणारा थंड हवेचा प्रक्षोभ आणि मोसमी वारे यांचा उत्तर भारतावर संगम झाल्याने ही स्थिती निर्माण झाली होती. समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंचीवरच्या चंदीगडमध्ये जो पाऊस होता, तोच सुमारे ४,३०० मीटर उंचीवरच्या चंद्रतालला बर्फ झाला. या दोन टोकांच्या मध्ये बियास नदीने मंडी ते मनाली दरम्यानचा महामार्ग अनेक ठिकाणी वाहून नेला. म्हणजेच खालचा पाऊस, मधला पूर आणि वरचा बर्फ या तीन वेगवेगळ्या बातम्या नसून एकाच घटनेच्या तीन बाजू होत्या.

म्हणूनच स्पितीला जाणाऱ्याने केवळ मुक्कामाच्या ठिकाणचे हवामान पाहणे पुरेसे नाही. भारतीय हवामान विभागाच्या शिमला येथील केंद्राकडून जिल्हावार अंदाज दिला जातो. त्यातील पिवळा रंग परिस्थितीवर लक्ष ठेवण्यास, नारिंगी रंग सज्ज राहण्यास आणि लाल रंग तातडीने कृती करण्यास सुचवितो. लाहौल-स्पितीबरोबरच वाटेतील मंडी आणि कुल्लू या जिल्ह्यांचा अंदाजही पाहावा लागतो. यांपैकी एका जिल्ह्यात जरी नारिंगी इशारा असला, तरी प्रस्थान एक-दोन दिवस पुढे ढकलणे इष्ट ठरते.

दोन मार्ग, दोन स्वभाव

चंदीगडहून स्पितीचे मुख्य ठिकाण असलेल्या काझाला जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग मंडी, कुल्लू आणि मनालीवरून जातो. चंदीगड ते मनाली हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आणि मनाली ते काझा सुमारे २०० किलोमीटर आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा वाहतुकीस खुला झाल्यापासून लाहौलमध्ये जाण्यासाठी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागत नाही. मात्र बोगद्यामुळे केवळ लाहौलची वाट सुकर झाली. स्पितीत जाण्यासाठी त्यापुढे ग्राम्फू ते बातल हा जवळपास ५० किलोमीटरचा खडतर टप्पा आणि सुमारे ४,५५० मीटर उंचीची कुंझुम खिंड आजही पार करावी लागते. चंद्रतालचा फाटा याच टप्प्यात बातलच्या पुढे लागतो.

दुसरा मार्ग शिमला, रामपूर, किन्नौर, नाको आणि ताबो असा जातो. शिमल्यापासून काझा सुमारे ४२० किलोमीटर आहे. हा मार्ग लांबचा असला, तरी त्यावर उंची टप्प्याटप्प्याने वाढते आणि तो वर्षातील बहुतांश काळ वाहतुकीस खुला ठेवला जातो. तथापि त्यालाही निर्धोक म्हणता येत नाही. ११ ऑगस्ट २०२१ रोजी किन्नौरमधील निगुलसरी येथे याच महामार्गावर दरड कोसळून २८ जणांचा मृत्यू झाला होता. पावसाळ्यात दरडींचा धोका या मार्गावर अधिक, तर बर्फाचा धोका कुंझुमच्या मार्गावर अधिक, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी यात आणखी एक अडचण आहे. शाळांची उन्हाळी सुट्टी प्रामुख्याने मे महिन्यात असते आणि त्या काळात कुंझुमचा रस्ता बहुधा बर्फाखालीच असतो. बर्फ हटवून तो सर्वसाधारणपणे जूनच्या सुमारास खुला होतो. दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये, तो केव्हाही बंद होऊ शकतो आणि चंद्रतालजवळचे तंबू त्यापूर्वीच आवरलेले असतात. त्यामुळे सुट्टीच्या तारखा ठरवून मग चंद्रतालचा आग्रह धरण्याऐवजी, मे महिन्यात शिमला-किन्नौर मार्गाने काझापर्यंतच जाऊन परतणे हा व्यवहार्य पर्याय ठरतो. दिनदर्शिकेवरही पूर्ण विसंबता येत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये हंगाम संपण्यापूर्वीच लाहौल-स्पितीत जोरदार हिमवृष्टी झाली होती आणि शेकडो लोक अडकल्याने हवाई दलाची मदत घ्यावी लागली होती.

‘खुला’ या शब्दाचे अर्थ

मनालीच्या पुढील सीमावर्ती रस्त्यांची देखभाल मुख्यत्वे सीमा रस्ते संघटना करते. ७ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या या संघटनेच्या ‘दीपक’ प्रकल्पाकडे हिमाचलमधील काम आहे. कोणता रस्ता वाहतुकीस खुला आहे, याची माहिती लाहौल-स्पितीचे पोलीस नियमितपणे जाहीर करतात. राज्य आपत्कालीन केंद्राचा १०७० आणि जिल्हा आपत्कालीन केंद्राचा १०७७ हे दूरध्वनी क्रमांकही चौकशीसाठी आणि मदतीसाठी उपलब्ध आहेत. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

ही माहिती वाचताना चार गोष्टी पडताळून पाहणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. डोंगरातील रस्त्याची आदल्या सायंकाळची माहिती दुसऱ्या दिवशी दुपारी शिळी झालेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे टप्पा. ‘मनाली मार्ग सुरू’ याचा अर्थ मनालीपर्यंतचा रस्ता सुरू आहे, एवढाच होतो. ग्राम्फू, बातल, कुंझुम आणि चंद्रतालचा फाटा यांची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते. तिसरी गोष्ट म्हणजे वाहन. चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या वाहनांसाठीच किंवा चाकांना साखळ्या लावूनच रस्ता खुला असल्याचे अनेकदा जाहीर केले जाते. भाड्याच्या लहान मोटारीसाठी असा रस्ता बंदच समजावा. चौथी गोष्ट म्हणजे वेळापत्रक. दुरुस्ती किंवा बर्फ हटविण्याचे काम सुरू असताना वाहतूक ठरावीक तासांत आणि एकाच दिशेने सोडली जाते.

शासकीय माहितीबरोबरच त्याच दिवशी समोरून आलेल्या बस आणि मालमोटारींच्या चालकांकडे केलेली विचारपूस मोलाची ठरते. नाल्याला पाणी किती आहे, हे त्यांच्याइतके ताजे कोणालाच ठाऊक नसते. ग्राम्फू-बातल टप्प्यात अनेक नाले रस्त्यावरूनच वाहतात. हिमनद्यांचे बर्फ उन्हाने वितळू लागले की दुपारनंतर त्यांचा प्रवाह वाढतो. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून पार झालेली मोटार दुपारी त्याच जागी बंद पडू शकते. त्यामुळे मनाली पहाटे सोडून हा टप्पा दुपारपूर्वी ओलांडण्याचा प्रघात आहे. रस्ता निरभ्र दिवशीही खराब होतो, तो असा.

शरीराचाही रस्ता

रस्ता उत्तम स्थितीत असला, तरी उंचीचा प्रश्न शिल्लक राहतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. चंद्रताल त्याच्या अडीच पटींहून अधिक उंचीवर आहे. सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकंती केलेल्या व्यक्तीलाही या उंचीवर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. शारीरिक क्षमता चांगली असणे हा त्यावरचा उपाय नाही. उंची सावकाश गाठणे हाच उपाय आहे. ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकीय सल्ला दिला जातो. सुमारे २,००० मीटरवरील मनालीहून निघून त्याच रात्री चंद्रतालला मुक्काम केल्यास एका दिवसात दोन हजार मीटरहून अधिक चढ होतो.

किन्नौरमार्गे आधी काझाला पोहोचून, तेथे दोन-तीन दिवस राहून मग कुंझुममार्गे चंद्रतालला येणे या दृष्टीने अधिक सुरक्षित आहे. डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश ही प्राथमिक लक्षणे होत. चालताना तोल जाणे, बोलण्यात विसंगती येणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही लक्षणे दिसताच, रात्र असली तरी रुग्णाला खाली नेण्याची तजवीज करावी लागते. रस्ता बंद असेल, तर नेमका हाच उपाय हातातून निसटतो. रस्त्याची चौकशी आणि प्रकृतीची काळजी या दोन वेगळ्या बाबी नाहीत, त्या यामुळेच.

मुक्कामाची तयारी

चंद्रतालच्या काठावर तंबू ठोकण्यास मनाई आहे. हे सरोवर २००५ पासून रामसर करारांतर्गत आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ क्षेत्र म्हणून नोंदले गेले आहे. मुक्कामाचे तंबू सरोवरापासून काही अंतरावर असतात. अन्यत्र स्वतःचा तंबू उभारताना नाल्याचे कोरडे पात्र आणि सुट्या दगडांच्या उताराचा पायथा टाळावा. जुलै-ऑगस्टमध्येही रात्री पारा शून्याच्या आसपास उतरू शकतो. तंबूत शेगडी पेटवून झोपणे किंवा बंद मोटारीत इंजिन चालू ठेवून ऊब घेणे जीवघेणे ठरू शकते, कारण त्यातून निर्माण होणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. स्वयंपाकाच्या गॅसची डबी विमानातून नेता येत नाही. ती चंदीगड किंवा मनाली येथे घ्यावी.

मनाली सोडल्यानंतर काझापर्यंत इंधन मिळणार नाही, असे गृहीत धरूनच टाकी भरावी. जादा स्टेपनी, चाकात हवा भरण्याचा पंप, ओढण्यासाठी मजबूत दोर, विजेरी, नेहमीची औषधे आणि किमान दोन दिवस पुरेल एवढे कोरडे अन्न जवळ असावे. बातलच्या परिसरात मोबाईलच्या संपर्काची खात्री नसते. उपग्रह दूरध्वनी सोबत नेण्याचा विचार काही जण करतात. परंतु दूरसंचार विभागाच्या परवानगीविना भारतात तो बाळगणे हा गुन्हा आहे. त्याऐवजी मार्ग, मुक्काम, वाहनाचा क्रमांक आणि परतण्याची तारीख घरी लेखी देऊन ठेवणे अधिक उपयुक्त ठरते. ठरलेल्या तारखेनंतर किती तासांनी कोणत्या क्रमांकावर चौकशी करायची, हेही त्यात नमूद करावे.

दोन दिवस राखीव

दुर्गम भागातील बहुतेक चुकीच्या निर्णयांमागे परतीचे तिकीट असते. चंदीगडहून मुंबई किंवा पुण्याकडे जाणारी गाडी परवा सुटणार आहे, एवढ्याच कारणाने बंद रस्त्यावर मोटार दामटली जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये बियासच्या पुराने मनालीचा महामार्ग पुन्हा वाहून गेला, तेव्हा खालच्या टप्प्यातही प्रवास किती दिवस खोळंबू शकतो, हे दिसून आले. त्यामुळे आठ दिवसांच्या सहलीत किमान दोन दिवस मोकळे ठेवणे, शक्य तर बदलता येणारे तिकीट काढणे आणि कोणत्या परिस्थितीत माघारी फिरायचे, हे सर्व सहप्रवाशांनी चंदीगडमध्येच ठरविणे आवश्यक आहे. उदाहरणार्थ, कुंझुमवर ताजा बर्फ पडला, एखाद्याला उंचीचा त्रास सुरू झाला किंवा दुपारपर्यंत बातल गाठता आले नाही, तर पुढे जायचे नाही.

आणि अडकलेच, तर मुक्कामाची जागा सोडून बर्फात पायी निघणे टाळावे. जुलै २०२३ मध्ये चंद्रतालला अडकलेले पर्यटक तंबूंच्या वसाहतीत एकत्र थांबले. त्यांचे ठिकाण आणि साधारण संख्या प्रशासनाला माहीत होती, म्हणूनच आधी हेलिकॉप्टर आणि मग बर्फ हटविणारी यंत्रे थेट त्यांच्या दिशेने पाठविता आली.