पीसीला ५.१ स्पीकर जोडताय?
मागचे स्पीकर मुके असतील तर दोष बहुधा स्पीकरचा नसतो. ५.१ संचाच्या सहसा तीन पिना असतात: हिरवी पुढच्यांची, काळी मागच्यांची, केशरी सेंटर आणि सबवूफरची. पीसीमागे तीनच जॅक दिसले तरी घाबरू नका. अनेक मदरबोर्डांवर निळा आणि गुलाबी जॅक ऑडिओ सॉफ्टवेअरमधून काळ्या आणि केशरी पिनांच्या कामाला लावता येतात. मग विंडोजच्या साउंड कंट्रोल पॅनेलमध्ये ‘कॉन्फिगर’ दाबून ५.१ निवडा, टेस्ट करा. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि खरी मजा घालवतात! मागचे स्पीकर थेट पाठीमागे नकोत. स्क्रीनच्या दिशेपासून ११० ते १२० अंशांवर, कानांच्या जरा मागे ठेवा. आणि हो, साधी स्टिरिओ गाणी मात्र पुढूनच वाजणार.