हात झोपतो, माणूस जागा राहतो

सोलापुरात हात जायबंदी व्हायला निमित्त फार लागत नाही. शहरात चादरी-टॉवेलांचे यंत्रमाग आहेत, त्यांचे पट्टे आणि दात्यांची चाकं आहेत. तालुक्यांत कडबाकुट्टी, मळणीयंत्र, रसवंतीचा चरक आहे. यात सापडलेला माणूस ‘सिव्हिल’ला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात पोचतो, तेव्हा सगळ्यांचं लक्ष बोटं वाचतील का याकडे असतं. भूल कोणती द्यायची, हा प्रश्न नातेवाइकांच्या मनातही येत नाही. माझं म्हणणं असं की, या शहरातल्या हाताच्या बहुतेक शस्त्रक्रियांसाठी पहिला विचार ‘ब्लॉक’चा, म्हणजे फक्त हात बधिर करण्याचा व्हावा, आणि पूर्ण भूल कारण असेल तेव्हाच द्यावी. आज अनेक ठिकाणी हा क्रम उलटा दिसतो.

हाताला संवेदना आणि हालचाल देणाऱ्या जवळजवळ सगळ्या नसा मानेतून निघतात. मानेतल्या पाचव्या ते आठव्या आणि छातीतल्या पहिल्या मज्जातंतूची मुळं एकत्र येऊन जे जाळं होतं, त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या, कॉलर बोनच्या, मागे हे जाळं इतकं दाटीनं एकवटतं की तिथं योग्य औषध सोडलं तर दंडाच्या मध्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात बधिर होतो. ही कल्पना जुनी आहे. 1884 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनं कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर केला आणि थोड्याच काळात न्यूयॉर्कमध्ये हॅल्स्टेडनं नसांवर तोच प्रयोग केला. 1911 मध्ये जर्मनीच्या कुलेनकाम्फनं कॉलर बोनच्या वरून त्वचेतूनच सुई घालण्याची पद्धत मांडली. तिची चाचणी त्यानं स्वतःवरही घेतली होती. अडचण एवढीच की पुढची कित्येक दशकं ही सुई अंदाजानं जात होती. रुग्णाच्या हाताला झिणझिण्या आल्या की जागा सापडली, असं मानायचं. त्या जागेखाली पहिली बरगडी आणि तिच्या लगत फुप्फुसाचं टोक. सुई जरा खोल गेली की छातीत हवा भरायची. ब्लॉकविषयी जुन्या डॉक्टरांच्या मनात जी धास्ती आहे, ती याच काळातली, आणि ती खोटी नव्हती.

ती धास्ती कमी केली सोनोग्राफीनं. 1994 मध्ये व्हिएन्नाच्याच कॅप्राल आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत हा ब्लॉक देऊन दाखवला. आज हे काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. रुग्ण उताणा, मान दुसऱ्या बाजूला वळवलेली. प्रोब कॉलर बोनच्या वर टेकवला की पडद्यावर ठोके देणारं काळं वर्तुळ दिसतं; ती हाताची मुख्य रोहिणी. तिच्या खाली बरगडीची पांढरी रेघ आणि श्वासाबरोबर सरकणारं फुप्फुसाचं आवरण. रोहिणीच्या शेजारी, बाहेरच्या अंगाला नसांचा द्राक्षाच्या घोसासारखा पुंजका. सुई बाजूनं, पूर्ण दिसत राहील अशी आत नेतात. दर तीन-पाच मिलिलिटरनंतर सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना, हे तपासतात. मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. स्पिरिटचा बोळा लावून ‘गार लागतंय का’ असं विचारत एकेक भाग तपासायचा. हात जड होतो, बोटं वळेनाशी होतात. औषधाचा हिशेब मात्र वजनावर चालतो. ब्युपिव्हॅकेन दर किलोला साधारण 2 मिलिग्रॅमच्या हिशेबानं धरलं, तर पन्नास किलोच्या मागवाल्याला 100 मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा टक्क्याच्या औषधाचे 20 मिलिलिटर. काटक माणसाला ‘आणखी थोडं’ देण्याचा मोह धोक्याचा. ओठ बधिर होणं, कानात गुणगुण, तोंडात धातूची चव ही विषबाधेची पहिली लक्षणं, आणि ती रुग्णानंच सांगायची असतात. सोलापुरात तो तेलुगू बोलेल, कन्नड बोलेल. त्याच्या भाषेत विचारणारं कुणी टेबलापाशी हवं, आणि या विषबाधेवर चालणारं लिपिड इमल्शन हाताशी हवं.

आता मूळ मुद्दा. अपघात वेळ ठरवून होत नाही. माणूस जेवून उठलेला असतो, आणि दुखापतीनं पोट रिकामं व्हायचंही मंदावतं. पूर्ण भुलीत ते अन्न फुप्फुसात जाण्याची भीती असते; जागा माणूस आपली श्वासनलिका स्वतः सांभाळतो. शिवाय शस्त्रक्रियेनंतरचे कित्येक तास वेदना होत नाहीत, आणि हाताच्या रक्तवाहिन्या सैलावतात. शिवलेल्या वाहिनीतून रक्त वाहतं ठेवायचं असेल तर याचा उपयोग होतो. मात्र ब्लॉक म्हणजे उपाशी राहण्याची गरजच नाही, असं कुणी समजू नये. तो कधी फसतो, आणि मग पूर्ण भूलच द्यावी लागते.

सर्वांत वजनदार आक्षेप फुप्फुसाचा आहे. कापसाच्या धुळीत आणि विडीच्या धुरात वर्षं गेलेल्या माणसाला पूर्ण भूल टाळावी म्हणून ब्लॉक सुचवायचा, तर कॉलर बोनच्या वर दिलेलं औषध पुष्कळदा श्वासपटलाच्या नसेपर्यंत पोचतं आणि त्या बाजूचा श्वास तात्पुरता उणा होतो. म्हणजे ज्याच्यासाठी युक्तिवाद केला त्यालाच तो बाधू शकतो. उत्तर असं की ब्लॉक एकच नाही. अशा रुग्णाला काखेतून ब्लॉक देता येतो. तिथून ती नस लांब आहे आणि फुप्फुसही. कोपराखालच्या कामाला तो पुरतो. दुसरा आक्षेप चिरडलेल्या हाताचा: सूज वाढून स्नायू आतल्या आत गुदमरू लागले तर पहिली खूण तीव्र वेदना असते, आणि ब्लॉक तीच झाकतो. हा आक्षेप मला मान्य आहे. तिथं शल्यविशारदाशी बोलूनच ठरवावं, आणि कमी वेळ टिकणारं औषध निवडावं. नस आधीच तुटली आहे का, याची नोंद ब्लॉकच्या आधी कागदावर असलीच पाहिजे, नाहीतर नंतर दोष कुणाचा यावर वाद. ‘वेळ जातो’ हा तिसरा आक्षेप मला कमजोर वाटतो. आधीची शस्त्रक्रिया चालू असताना बाहेरच्या खोलीत ब्लॉक दिला तर ती पंधरा-वीस मिनिटं वेगळी मोजावीच लागत नाहीत. जागं राहण्याची भीती खरी असते. ती पडदा, हलकं गुंगीचं औषध आणि कुणाच्या तरी बोलण्यानं बरीच निवळते. लहान मुलांचं मात्र वेगळं: ती स्थिर पडून राहत नाहीत, त्यांना बहुधा पूर्ण भूलच.

खरी अडचण यंत्राची आहे, आणि ती नुसत्या पैशांची नाही. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्याखाली सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र नोंदवावं लागतं, मग त्यावर फक्त मानेतल्या नसा बघायच्या असल्या तरी. हातात धरून नेण्याजोगं यंत्र या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरवायचं, तर नियम आडवे येतात. फिरतीवर काम करणाऱ्या भूलतज्ज्ञाला हे जाचक वाटतं. पण ज्या राज्यात मुलींची संख्या घटल्यामुळे हे नियम कडक करावे लागले, तिथं ते सैल करा म्हणणं मला पटत नाही. दवाखान्यानं शस्त्रक्रियागृहासाठी स्वतःचं यंत्र नोंदवावं, त्याच्या नोंदी ठेवाव्यात. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथं 1963 पासून आहे. इथं शिकून जिल्ह्यात जाणाऱ्या प्रत्येक भूलतज्ज्ञाच्या हाताला हे काम सरावाचं हवं.

आणि वाचकहो, घरातल्या कुणाचा हात यंत्रात सापडला, तर सही करण्याआधी भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी न विचारता सांगा: शेवटचं जेवण कधी झालं, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. मग एक प्रश्न विचारा: फक्त हात बधिर करून हे होईल का?