पाणमांजराची वेळ सांगणारा कॅमेरा

सिंधुदुर्गाच्या खाड्यांत आणि गोव्यात चोडण बेटाच्या खारफुटीत पाणमांजरं राहतात. दिसतात क्वचित, पण जाळं फाटलं की नाव त्यांचंच येतं. ती खरंच येतात का, कोणत्या वेळी येतात, हे पाहायला अभ्यासक कॅमेरे लावतात. ते कसे चालतात, हे आज आम्ही सांगणार आहोत.

हा कॅमेरा म्हणजे झाडाला किंवा खुंटाला बांधलेली छोटी पेटी. समोर ऊबदार अंग हललं की तो आपोआप फोटो काढतो, रात्रीसुद्धा. फोटोवर तारीख आणि वेळ उमटते.

पाणमांजरं ठरलेल्या जागी विष्ठा टाकतात. तिच्यात माशांचे खवले, खेकड्याच्या कवचाचे तुकडे असतात. अशा जागेसमोरच कॅमेरा लावतात. मात्र पाण्यातून नुकतंच निघालेलं ओलं अंग वरून गार असतं, म्हणून कॅमेऱ्याला ते कधी कधी कळत नाही. फोटो नाही म्हणजे प्राणी नाही, असं धरू नये.

बऱ्याच दिवसांच्या वेळा एकत्र मांडल्या की त्यांचा दिनक्रम दिसतो. जाळं कधी उचलावं, हे ठरवायला तो आपल्याही कामी येईल.

पण हा कॅमेरा समोरून जाणाऱ्या माणसाचाही फोटो काढतो. आपली पायवाट, आडोशाची जागा त्यात येता कामा नये. म्हणून गावात कॅमेरा येणार असेल, तर गटाने आधीच विचारावं : लावणार कुठे? फोटो कोण पाहणार? आपले फोटो पुसणार ना?