पासबुकात जमा, वहीत नावे : हिशेब शिकताना मुलं इथेच अडतात

अकोला-अमरावतीकडची आपली कितीतरी मुलं दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकून अकरावीला कॉमर्स घेतात. ‘पुस्तपालन आणि लेखाकर्म’ हा विषय तिथे पहिल्यांदाच भेटतो. महिनाभरात काही जण म्हणतात, “सर, हे आपल्याला जमणार नाही.” आमचा वर्गातला अनुभव असा की मुलं कच्ची नसतात, सुरुवात चुकलेली असते.

पहिली गोष्ट शब्दांची. हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, वसूल, नफा हे शब्द अरबी-फारसीतूनच मराठीत आले. आपण घरी रोज तेच बोलतो. रोजकीर्द म्हणजे आपला रोजनामचा. ही यादी फळ्यावर लिहिली की निम्मी भीती तिथेच जाते.

दुसरी गोष्ट, नियम पाठ करून घेण्याआधी व्यवहार दाखवावा. समजा, अब्बांनी घरचे 5000 रुपये घालून संत्र्याची गाडी लावली. धंद्यात रोकड आली, म्हणून रोख खाते नावे. पैसे मालकाने दिले, म्हणून भांडवल खाते जमा. 3000 चा माल रोखीने घेतला : खरेदी नावे, रोख जमा. 800 चा माल उधार विकला : गिऱ्हाईक नावे, विक्री जमा. आता बाक्या काढा. रोख 2000, खरेदी 3000, गिऱ्हाईक 800 म्हणजे 5800. दुसरीकडे भांडवल 5000, विक्री 800, तेही 5800. तेरीज जुळली! हा आनंद मुलं विसरत नाहीत.

तिसरी अडचण खरी. बँकेत पैसे भरले तर पासबुकात ‘जमा’ दिसतं, मग आपल्या वहीत बँक खाते ‘नावे’ का? आम्ही एका मुलाला दुकानदार, दुसऱ्याला बँक करतो आणि दोघांना आपापली वही लिहायला लावतो. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल. बँकेला आपण पैसे दिले, म्हणून तिच्या वहीत आपण जमा. आपल्या वहीत घेणारी बँक, म्हणून ती नावे. व्यवहार एकच, वह्या दोन.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार, लहान असो की मोठा, लिहून ठेवायला सांगितलं आहे. तेव्हा पालकांनो, दुकानाची उधारीची वही आज रात्री मुलाच्या, मुलीच्या हाती द्या. कोणाकडून किती येणं आहे, ते त्यांनाच काढू द्या. मुलं विषय शिकतील आणि विसरलेली उधारीही कदाचित सापडेल.