खिडकीची काच आणि पाठीचा मणका

दसरा आटोपला की बर्डीवरच्या घराघरांतून दिवाळीची साफसफाई सुरू होते. मेन रोडची धूळ आणि उन्हाळाभर खिडकीत बसवलेला कूलर यांमुळे वरच्या मजल्याच्या काचा पार कळकट झालेल्या असतात. त्या बाहेरून पुसायच्या कशा, हा प्रश्न दरवर्षी पडतो, आणि मग कुणीतरी खिडकीतून सज्ज्यावर पाय ठेवते.

काही वर्षांपूर्वी आमच्याच घरी हे घडले. वहिनी पहिल्या मजल्याच्या खिडकीशी स्टुलावर उभ्या होत्या. शेवटच्या काचेपर्यंत हात पोचेना म्हणून वाकल्या आणि खाली अंगणात पायांवर आदळल्या. ‘टाच दुखते’ एवढेच त्या सांगत होत्या. पाठीचा एक्स-रे काढला, तेव्हा कमरेचा एक मणका दबलेला निघाला. उंचावरून पायांवर पडले की हादरा टाचेतून वर चढत थेट कण्यापर्यंत जातो. म्हणून अशा रुग्णाची टाच मोडली असेल, तर पाठही तपासून घ्यावीच. वहिनींना आजही फार वेळ उभे राहवत नाही.

असे का होते? जमिनीवर उभे असताना खिडकीची कड साधारण कमरेशी येते आणि आपल्याला अडवते. स्टुलावर चढलो की तीच कड गुडघ्याशी येते. मग थोडे वाकले तरी शरीराचा भार बाहेर जातो आणि अडवायला काहीच उरत नाही. दहा फुटांवरून पडायला एक सेकंदही लागत नाही, आणि जमिनीवर आदळताना वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. सावरायला वेळ मिळतच नाही.

तेव्हा नियम एकच : दोन्ही पाय खोलीच्या जमिनीवर. हात पोचत नसेल तर काठी लांब करा, शरीर नव्हे. वाकती मान असलेला लांब दांड्याचा वायपर घ्या, किंवा काठीच्या टोकाला आडवी पट्टी ठोकून तिला ओले फडके घट्ट बांधा. गजांमधूनही ती बाहेर जाते. सरकत्या काचा बऱ्याचदा चौकटीतून उचलून आत घेता येतात. मात्र ते काम दोघांनी मिळून करावे. काचेवर ऊन असताना पुसू नये, पाणी लगेच वाळून डाग राहतात.

आणखी तीन गोष्टी सांभाळा. गल्लीतल्या विजेच्या तारा खिडकीजवळून जात असतील तर तिथे काठीच काढू नका, मग ती लोखंडी असो की लाकडी. कूलर अजून खिडकीत असेल, तर ओले फडके लावण्याआधी त्याचा प्लग काढा. आणि कबुतरांची वाळलेली विष्ठा कोरडी खरवडू नका. तिची धूळ श्वासातून गेल्यास काहींच्या फुप्फुसांना सूज येते. नाकातोंडावर मास्क लावून, आधी पाणी शिंपडून ती ओली करा आणि मगच काढा.

ज्यांना चक्कर येते, रक्तदाबाची गोळी चालू आहे किंवा मान वर केली की डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यांनी हे काम घेऊच नये. आणि स्वतःला भीती वाटते म्हणून कामवाल्या बाईंना सज्ज्यावर चढवू नका. त्यांचाही मणका आपल्याइतकाच नाजूक आहे, आणि त्या अंथरुणाला खिळल्या तर त्यांच्या घरची चूल बंद पडते.

इतके करूनही कुणी पडलेच, तर त्याला बसते करू नका, खांद्याला धरून उचलू नका, पाणी पाजू नका. डोके व मान आहे तशीच स्थिर धरा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, ते विचारा आणि डॉक्टरांना सांगा.

आमच्या घरची ती शेवटची काच त्या दिवाळीत तशीच राहिली. पाहुणे आले, फराळ करून गेले, पण काचेबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही. वहिनी कशा आहेत, हे मात्र प्रत्येकाने विचारले.