वॉशिंग मशीन हादरतं? मेकॅनिकला बोलावण्याआधी हे तपासा

मशीन स्पिनला लागलं की फरशी थरथरते आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना तकलीफ होते. बऱ्याच वेळा इलाज आपल्याच हातात असतो.

कपडे पिळताना फ्रंट लोड मशीनचा ड्रम मिनिटाला साधारण १००० ते १४०० फेरे घेतो. ओले कपडे एका बाजूला गोळा झाले, तर प्रत्येक फेऱ्याला धक्का बसतो. म्हणून एकटी जाड चादर टाकू नका, सोबत दोन-तीन टॉवेल टाका. ड्रम ठासून भरू नका.

मशीन नवीन असेल तर मागची बाजू बघा. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून तिथे लांब बोल्ट लावलेले असतात. ते काढायचे राहिले, तर मशीन जोरात हादरतं आणि खराबही होऊ शकतं. काढलेले बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतात.

आता प्लग काढून मशीनचे चारही कोपरे दाबा. डुलत असेल तर खालचे पाय फिरवून सरळ करा आणि पायांचे नट आवळा. चाकांचा स्टँड असेल तर काढा, मशीन थेट फरशीवर ठेवा. रबरी पॅडने हादरा कमी होतो, पण वाकडं मशीन सरळ होत नाही.

स्पिन ८०० वर ठेवलं तरी फरक पडतो. कपडे फक्त जरा ओलसर निघतात. एवढं करूनही ठोकल्यासारखा आवाज येत असेल, तर शॉक अ‍ॅब्जॉर्बर किंवा बेअरिंग गेलेलं असू शकतं. तेव्हा मात्र मेकॅनिकला बोलवा. आणि रात्री उशिरा मशीन लावू नका. आपली फरशी म्हणजे खालच्यांचं छत.